तडे हिवाळ्यातच भरून घे

अगं, रस्त्याच्या देखभालीच्या कामावर रुजू झालीस, फार बरं वाटलं. आपल्या घरात डांबराचा वास कपड्यांना घेऊन येणारा आजवर मी एकटाच होतो. थरांची नावं, जाडी, चाचण्या हे सगळं तुला डिप्लोमात शिकवलं असेल आणि ते कामाचंच आहे. मी सांगतो ते अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या रस्त्यांवर मुकादमी करताना हाताला आणि डोळ्यांना कळलेलं. त्यातलं निम्मं माझ्या आधीच्या मुकादमांकडून आलेलं आहे, म्हणून तुझ्याकडे द्यायचं.

एक गोष्ट आधी मनावर घे. जुलैत ज्या खड्ड्यावरून आरडाओरडा होतो, तो बहुतेक वेळा आदल्या हिवाळ्यात साधा तडा असतो. तेव्हा तो बुजवायला थोडं डांबर, थोडी कच आणि दोन-तीन माणसं पुरतात. जुलैत त्याच जागी पाणी उपसावं लागतं, वाहतूक अडवावी लागते, आणि एवढं करून भरलेला माल पुढच्या मुसळधार पावसात टिकेल याची खात्री नसते. तुझा खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी आहे. थंडीत डांबराचा थर आकसलेला असतो, तड्याचं तोंड उघडं असतं, आतली ओल वाळलेली असते. मेच्या उन्हात थर फुगतो, तेच तोंड मिटतं, आणि ओतलेलं डांबर वरच पसरून राहतं.

रस्ता गाडीत बसून बघू नकोस. चालत बघ, आणि सकाळी लवकर बघ. ऊन तिरपं असतं तेव्हा बारीक तड्याच्याही कडेला सावली पडते, दुपारी बाराला तोच तडा दिसत नाही. याहून चांगली वेळ म्हणजे पावसाची सर येऊन गेल्यानंतरचा अर्धा तास. रस्त्याचा वरचा भाग राखाडी होऊन वाळत जातो, पण तड्यात शिरलेलं पाणी तिथेच असतं, त्यामुळे तडे तेवढे काळ्या ओल्या रेघांनी उठून दिसतात. सगळा रस्ता स्वतःहून आखणी करून दाखवतो. त्या अर्ध्या तासात फोटो काढून घे. जूनच्या पहिल्या सरींनंतर हे केलंस तर पुढच्या हिवाळ्यातल्या कामाची यादी तिथेच तयार होते. ऑक्टोबरच्या परतीच्या सरींनंतर पुन्हा एकदा फिर. पावसाळ्यात काय काय वाढलं ते कळेल.

पिशवीत सायकलचा एक जुना स्पोक ठेव. तो साधारण दोन मिलिमीटर जाडीचा असतो. तड्यात शिरत नसेल तर तडा केसासारखा बारीक आहे, आत जात असेल तर किती खोल जातो ते बघ. बाहेर काढल्यावर टोकाला काय लागलंय ते आणखी महत्त्वाचं: कोरडी धूळ, की ओला गाळ? रंगाची छोटी डबी ठेव. तड्याच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मार आणि बाजूला तारीख लिही. महिन्याने येऊन बघितलं की तो जागच्या जागी आहे की पुढे सरकलाय, हे वाद न घालता कळतं. रस्ता हमी कालावधीत असेल तर तारखेसकट असलेला हाच फोटो कंत्राटदारापुढे ठेवायला उपयोगी पडतो. हमी संपायला दोन-तीन महिने राहिले की अख्खा रस्ता एकदा पायाखाली घाल. मुदत संपल्यावर दिसलेला तडा आपल्या अंगावर येतो.

आता तडा वाचायचा कसा, ते सांगतो. यातच सगळी मेख आहे. प्रत्येक तड्यापुढे उभं राहून स्वतःला विचारायचं: दुखणं वरच्या थरात आहे की खाली?

चाकोरीत, म्हणजे बसची आणि डंपरची चाकं जिथून रोज जातात त्या पट्ट्यात, आधी लांबट तडे येतात, मग त्यांना आडवे फाटे फुटतात, आणि शेवटी छोटे छोटे बहुकोनी तुकडे होतात. याला तुम्ही अ‍ॅलिगेटर म्हणता. हा तडा वरून दिसतो पण वरून सुरू झालेला नसतो. जड चाक वरून गेलं की डांबराचा थर किंचित वाकतो. वरची बाजू दाबली जाते, खालची बाजू ताणली जाते. लाखो वेळा असं झालं की ताणल्या जाणाऱ्या बाजूला, थराच्या तळाशी, बारीक चीर पडते आणि ती हळूहळू वर चढते. म्हणून अ‍ॅलिगेटर दिसायला लागला तेव्हा थराची सबंध जाडी कापली गेलेली असते. यावर नुसतं डांबर ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. खालची खडी हलते, मुरूम बसलेला नाही किंवा भिजलाय, हे त्यातून रस्ता सांगत असतो.

झीज कोण करतं, याचाही अंदाज डोक्यात असू दे. रस्त्यावर गर्दी दुचाक्यांची, रिक्षांची आणि मोटारींची दिसते, पण रस्ता खातात ती जड वाहनं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत ठेवले होते. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर झीज सोळा पट होते. वजनाच्या चौथ्या घाताने ती वाढते. आपल्याकडे आयआरसी ३७ या रस्त्यांच्या मानकात ८० किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण आठ टनांचा अ‍ॅक्सल प्रमाण धरून रस्त्याची जाडी काढतात. लहान मोटारीचा अ‍ॅक्सल अर्ध्या टनाचा धरलास तर तसला एक प्रमाण अ‍ॅक्सल पासष्ट हजार मोटारींच्या अ‍ॅक्सलांएवढं काम करून जातो. २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी अ‍ॅक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. वजन वाढलं जेमतेम तेरा टक्के, पण याच हिशेबाने झीज साठ टक्क्यांच्या आसपास वाढते. जुन्या मोजमापाने बांधलेल्या गल्लीत एखादी इमारत पुनर्विकासाला गेली आणि तिथे माती-डबराचे डंपर, मग काँक्रीटचे मिक्सर सुरू झाले, की त्या गल्लीचा रस्ता त्याच वर्षी तपासायला घे. पार्ला-अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि इकडे घाटकोपर-मुलुंडला सध्या अशी गल्ली शोधावी लागत नाही. डंपर सुरू होण्याआधीचे फोटो असतील तर पुढचं बोलणं सोपं जातं.

दोन समांतर, सरळ तडे दिसले, मध्ये दोन-तीन फुटांचं अंतर आणि मधला पट्टा थोडा दबलेला, तर तो चर आहे. उपनगरांतल्या डांबरी रस्त्यांचं सर्वांत मोठं दुखणं माझ्या मते हेच. पाण्याची लाइन, गॅस, वीज, केबल, फायबर, प्रत्येकाला रस्त्याखालूनच जायचं असतं आणि ते गरजेचंही आहे. खोदण्यावर माझा राग नाही. भरताना घाई होते, तिथे रस्त्याचा जीव जातो. खोदलेली माती तशीच ढकलून वर एकदा रोलर फिरवला की वरून सगळं सपाट दिसतं, खाली पोकळ राहतं. म्हणून चर भरत असताना तू तिथे उभी राहा. भराव सहा-सहा, फार तर आठ इंचांच्या थरांत पडला पाहिजे, प्रत्येक थरावर बेताचं पाणी आणि मग प्लेट कॉम्पॅक्टर किंवा रॅमर. डांबराची कड पहारीने तोडलेली वेडीवाकडी चालवून घेऊ नकोस. कटरने सरळ कापून घे, आणि वरचा थर चराच्या दोन्ही बाजूंना फूटभर जास्त रुंद काप. म्हणजे नवा थर जुन्या, न हललेल्या खडीवर टेकतो आणि सांधा चराच्या काठावरच येत नाही. कापलेल्या उभ्या कडेला टॅककोट, म्हणजे थर चिकटवणारा डांबराचा पातळ हात, लावल्याशिवाय माल पडता कामा नये. एवढं करूनही वर्षभरात चर थोडा बसतोच. म्हणून भरलेल्या चरांची वेगळी वही ठेव आणि पहिल्या पावसाळ्यानंतर प्रत्येकाच्या दोन्ही कडा सील करून घे. पावसाळ्यात खोदकामाला मनाई असते, त्यामुळे मेमध्ये सगळ्यांचीच घाई उडते. ते चर सर्वांत कच्चे, त्यांच्यावर पहिली नजर.

मॅनहोलभोवती गोल तडा असेल तर तेच कारण: चौकटीभोवतीचा भराव नीट ठोकला गेला नाही, झाकण हलतंय, किंवा दोन्ही. झाकणावर पाय देऊन बघ. खडखडलं तर आधी चौकट बसवून घ्यायची, मग डांबर.

तड्याच्या तोंडाशी पांढुरका किंवा तांबूस गाळ वाळून बसलेला दिसला तर तिथे थांब. खालचा बारीक माल पाण्याबरोबर वर आलाय. तड्यातून शिरलेलं पाणी थराखाली साचतं, चाक आलं की दाबलं जातं, वाट मिळेल तिथून उसळतं आणि जाताना थोडा थोडा मुरूम घेऊन जातं. प्रत्येक चाकासरशी खाली पोकळी वाढते. वरचा थर मग टेकूशिवाय वाकायला लागतो आणि पहिल्यापेक्षा कितीतरी पटीने लवकर फुटतो. असा एक तुकडा कधी कापून उचलून बघ. खालच्या बाजूची खडी हाताने सुटी होते, तिच्यावर डांबर औषधालाही राहिलेलं नसतं, धुतल्यासारखी स्वच्छ असते. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची आहे आणि डांबर तिला चांगलं धरतं, दगडाचा दोष नाही. पण खडीवर धूळ असेल, प्लांटमध्ये ती नीट वाळवली नसेल, किंवा थर पुरता दाबला गेला नसेल तर पाणी डांबर आणि दगडाच्या मध्ये शिरतं. रोलिंग झालेल्या थरात हवा सात-आठ टक्क्यांच्या वर राहिली की आतल्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि थर पाणी आत घेत राहतो. मग तडा नसला तरी पाणी आत.

आणि पाणी आपल्याकडे किती पडतं! सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पावसाची सरासरी आहे, तेही बहुतेक चार महिन्यांत. २६ जुलै २००५ ला तिथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. त्यात भरती साडेचार मीटरच्या वर गेली की समुद्राकडे आणि खाडीकडे जाणाऱ्या पर्जन्यवाहिन्यांना पाणी सोडायला जागा नसते, ते रस्त्यावर उभं राहतं. अंधेरी सबवे दरवर्षी भरतो ते सगळ्यांना दिसतं. तुला बघायच्या आहेत त्या छोट्या जागा, जिथे पाऊस थांबल्यावर तासाभरानेही घोटाभर पाणी असतं. तिथला तडा कितीही बारीक असला तरी यादीत वरचा नंबर त्याचा. आधी पाणी का थांबतंय ते शोध: जाळी बुजलीय, रस्त्याचा ढाळ उलटा झालाय, की कडेचे पेव्हर ब्लॉक रस्त्यापेक्षा वर आलेत? ढाळ शेकडा दोन-अडीचच्या आसपास हवा. जाळी साफ न करता तडा भरलास तर पुढच्या वर्षी त्याच जागी परत यावं लागेल.

जमीनही वेगवेगळी आहे, हे लक्षात ठेव. मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या बाजूला खाली मुरूम आणि खडक लवकर लागतो. पूर्वेला मिठागरं आणि ठाण्याच्या खाडीकडे गेलीस, किंवा बोरिवली पश्चिमेला गोराई-चारकोपकडे, की खाली खाडीचा चिखल आणि त्यावर भरणी. ती जमीन वर्षानुवर्षं बसत राहते. तिथे लांबच लांब, वळणं घेत जाणारे तडे येतात आणि एका बाजूचा रस्ता दुसरीपेक्षा बोटभर खाली गेलेला असतो. हे डांबराच्या कामाने थांबत नाही. तडा बंद ठेवत राहायचं, पाणी खाली जाऊ द्यायचं नाही, आणि बसणं वाढलं तर वर कळवायचं. कडेच्या पर्जन्यवृक्षाची किंवा गुलमोहराची मुळं थर उचलतात, तो उंचवटा डोळ्यांनीच ओळखू येतो. मुळं तोडायला परस्पर कुणाला सांगू नकोस, उद्यान खात्याला विचार.

जुन्या, कमी वर्दळीच्या गल्ल्यांत मोठाल्या चौकोनांचे तडे दिसतील, चाकोरीशी संबंध नसलेले, सगळ्या रस्त्यावर सारखे. ते डांबराच्या म्हातारपणाचे. हवा आणि ऊन लागून डांबर कडक होतं, आकसतं, तुकडे पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब बघितलेस ना, तो लाव्हा थंड होताना आकसला आणि असाच तडकला. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. रस्त्यावर हे पाच-सात वर्षांत होतं, आणि प्लांटवर डांबर जास्त तापवलं असेल तर त्याहून लवकर. म्हणून डंपर आला की ताडपत्री काढताना जवळ उभी राहा. निळसर धूर येत असेल तर माल करपलाय. पांढरी वाफ येत असेल तर खडी ओली होती. माल चकचकीत काळा हवा. मळकट तपकिरी, निस्तेज दिसला तर परत पाठव, कोणाच्या तोंडाकडे बघू नकोस. थर्मामीटर मालात खुपसून बघ. व्हीजी-३० डांबराचा माल अंथरताना १४० अंशांच्या खाली नको आणि रोलिंग ९० अंशांच्या वर असतानाच उरकलं पाहिजे. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेला डंपर कागदावर ठीक असतो, मालात नसतो. थंड माल कितीही रोलर फिरवला तरी दाबला जात नाही. रात्रीचं काम असलं की प्लांट आणि साइटच्या मधला रस्ता कसा आहे, याची चौकशी दुपारीच करून ठेव.

बसथांब्यापाशी, सिग्नलला आणि उतारावर चंद्रकोरीच्या आकाराचे तडे दिसतात. वरचा थर खालच्या थराला चिकटलेलाच नसतो; ब्रेक लागला की तो सरकतो आणि फाटतो. टॅककोट मारलाच नाही, धुळीवर मारला, किंवा मारून लगेच वर माल टाकला, यांपैकी एक कारण नक्की. टॅककोटचं इमल्शन फवारलं की तपकिरी असतं. त्यातलं पाणी सुटलं की ते काळं होतं. काळं झाल्याशिवाय पेव्हर पुढे सोडायचा नाही, मागे कितीही डंपर उभे असोत. डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास पुरतं. जास्त मारलं तर तेच वंगणासारखं वागतं आणि थर पुन्हा घसरतो.

नवं दुखणं तुमच्या पिढीच्या वाट्याला येतंय ते काँक्रीट आणि डांबराच्या सांध्याचं. मुंबईत साधारण दोन हजार किलोमीटर रस्ते आहेत आणि २०२३ च्या जानेवारीत सुमारे चारशे किलोमीटरच्या काँक्रिटीकरणाचं भूमिपूजन झालं, पुढचे टप्पे त्यानंतर आले. काँक्रीट संपतं आणि डांबर सुरू होतं तिथे दोघांचं फुगणं-आकसणं वेगळं, त्यामुळे तडा पडणारच. तो पडायची वाट न बघता सांधा सरळ कापून सीलंटने भरून ठेवायचा. जुन्या काँक्रीटवर डांबर चढवलेलं असेल तर खालचा प्रत्येक सांधा वर उमटतो. साधारण वर्षाला इंचभर वर येतो असा ठोकताळा आहे. दोन इंची थर दिला म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बरोबर त्याच जागी सरळ आडवे तडे. त्यांना घाबरू नकोस, फक्त भरत राहा. चाकोरीतल्या तड्यांएवढे ते धोक्याचे नसतात, पण पाणी त्यांतूनही जातं.

भरायची रीत सांगतो. स्पोक न जाणारा तडा एकटादुकटा असेल तर नोंद कर आणि सोड. खूप असतील तर वरून पातळ इमल्शनचा हात किंवा स्लरी. स्पोक जाणाऱ्या तड्यापासून बोटभर रुंद तड्यापर्यंत: आधी कॉम्प्रेसरच्या हवेने तळापर्यंत साफ कर. झाडूने होत नाही, झाडू धूळ आत ढकलतो. आत गवत उगवलं असेल तर मुळासकट काढ. पूर्ण कोरडा होऊ दे. मग रबर मिसळलेलं सीलंट तापवून तळापासून वर भर, रस्त्याच्या पातळीला ठेव किंवा किंचित खाली. वर ढीग करू नकोस, तो टायरला चिकटून निघून जातो आणि दुचाकीवाला त्यावर घसरतो. वर कच भुरभुराव, मगच गाड्या सोड. बोटापेक्षा रुंद असेल तर नुसतं डांबर नको, बारीक खडीचा माल किंवा मास्टिक.

मास्टिक आपल्याकडे भरपूर वापरतात, कारण ते पाणी आत घेत नाही आणि रोलर लागत नाही. पण ते कुकरमधून पावणेदोनशे-दोनशे अंशांना बाहेर पडतं. खाली ओल असेल तर वाफेचे फुगे येतात आणि चकती सबंध सुटून येते. पावसाच्या उघडिपीत करायचंच असेल तर खालची जागा बर्नरने वाळवून घे. कोल्डमिक्स, म्हणजे न तापवता भरायचा माल, हे पावसातलं तात्पुरतं औषध. भरलंस तर यादीत लाल खूण कर, म्हणजे ऑक्टोबरमध्ये तिथे पक्कं काम होईल.

अ‍ॅलिगेटर भरू नकोस, काप. तडे संपतात त्याच्या पुढे फूटभर, चांगल्या भागात जाऊन चौकोन आख. कडा उभ्या. खडी ओली किंवा सुटी असेल तर ती पण काढ, कोरडा घट्ट थर लागेपर्यंत खाली जा. कडांना आणि तळाला टॅककोट, मग दोन-तीन इंचांच्या थरांत माल आणि रोलर कडेकडून मध्याकडे. शेवटी चारही कडांवर सीलंटची पट्टी. बहुतेक जण ही पट्टी सोडतात आणि पुढच्या वर्षी पॅच बरोबर कडेने उखडतो.

तडकलेल्या रस्त्यावर तसाच नवा थर चढवायचा आग्रह होईल, कारण काम झटपट होतं आणि दिसायला काळंभोर. तेव्हा तोंड उघड. खालचे तडे एक-दोन पावसाळ्यांत वर येतात, हे झालंच. शिवाय दर वेळी रस्ता दोन इंच वर जातो. घाटकोपरच्या चाळींत आणि मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांत बघ, दुकानांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेलेत, पहिल्याच पावसात तळमजल्यावरच्या लोकांच्या घरात पाणी. मिलिंग करून तेवढा थर काढल्याशिवाय नवा थर नको, असं लेखी मांड.

गणपती-नवरात्राच्या मंडपांचं एक सांगायचं राहिलं. ऐन पाऊस चालू असताना, खांबांसाठी रस्त्यात भोकं पाडली जातात. पालिका त्याला दंड लावते, पण दंडाने रस्त्यात गेलेलं पाणी बाहेर येत नाही. महिनाभर आधी मंडळाच्या कार्यकर्त्यांना स्वतः भेट. ती आपलीच पोरं असतात, ऐकतात. वाळूने भरलेल्या पिंपांत खांब उभे करता येतात, हे प्रत्यक्ष दाखव. तरीही भोकं पडलीच तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती बुजवून घे, आठवड्याने नव्हे.

हे सगळं मी एवढं घोळवून का सांगतोय, ते तुला माहीत आहे. मरोळचे भाजीविक्रेते दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा २०१५ च्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाण्याने झाकलेल्या खड्ड्यामुळे गेला. तेव्हापासून ते स्वतःच्या हातांनी रस्त्यांवरचे खड्डे बुजवत आलेत. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे जीव गेला तर कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पैसे द्यायलाच हवेत. पण दुचाकीच्या मागे बसलेल्या माणसाचा जीव आपण जानेवारीत वाचवू शकतो, हे आपल्या धंद्यातल्या लोकांनाच ठाऊक असतं. तड्याची यादी करायला कंटाळा आला की हे आठव.

स्वतःलाही जप. चमकणारं जाकीट दिवसाही घाल. मोजमाप घेताना येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करू नकोस, आणि खाली वाकायचं असेल तर झेंडेवाला बिगारी समोर उभा असल्याशिवाय वाकू नकोस. हायवेवर रात्री एकच्या सुमाराला गाड्या रिकाम्या रस्त्याच्या भरवशावर सुसाट येतात, ती वेळ सर्वांत वाईट.

येत्या डिसेंबरात पहिला रस्ता घेशील तेव्हा दोन-तीन ठिकाणी कोअर, म्हणजे थराचा नळकांड्यासारखा कापलेला नमुना, काढ, आणि बरोबर तड्यावरच काढ, बाजूला नको. नळकांडं उभं धरून बघ: तडा वर रुंद आणि खाली संपलेला असेल तर डांबर म्हातारं झालंय, सील करून वर पातळ थर दिला की भागतं. खाली रुंद आणि वर बारीक असेल, किंवा कोअर हातात घेताच थरांचे दोन तुकडे होत असतील, तर अंदाजपत्रक बदलावं लागेल. नुसतं बघून नक्की होत नसेल तर कोअर ओला करून, पुसून, उन्हात धर आणि चारही बाजूंनी फोटो काढून मला पाठव. मी रात्री दहापर्यंत जागा असतो.